मिलिमीटरची राखण

एक छोटासा प्रयोग करून बघा. (रूमवर असाल तरच. लायब्ररीत केलात तर लोक बघत बसतील.) एक डोळा मिटा. एका हातात पेन, दुसऱ्या हातात त्याचं टोपण. दोन्ही हात पुढे लांब करा आणि टोपण बाजूने आणून पेनावर बसवा. पहिल्या झटक्यात बसलं तर तुमचं नशीब चांगलं. एरवी ते पेनाच्या अलीकडून नाहीतर पलीकडून निघून जातं. दोन्ही डोळे उघडले की तेच काम गप्पा मारता मारता होतं.

कारण बारावीचा मुलगाही सांगेल. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना जरा वेगवेगळी चित्रं दिसतात. जवळच्या वस्तूची दोन चित्रं एकमेकांपासून जास्त सरकलेली, लांबच्या वस्तूची कमी. त्या सरकण्यावरून मेंदू अंतर ठरवतो. डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे आणि मेंदूच्या जागी कॉम्प्युटर ठेवला की झाला स्टिरिओ कॅमेरा. सूत्र एका ओळीचं आहे. फोकल लेंग्थ गुणिले दोन कॅमेऱ्यांतलं अंतर, भागिले दोन चित्रांतलं सरकणं, की आलं वस्तूचं अंतर. कॅमेऱ्यांमधल्या अंतराला बेसलाइन म्हणतात आणि सरकण्याला डिस्पॅरिटी. एम-थ्रीला याहून भयानक सूत्रं आपण पाठ करून, लिहून, विसरूनही गेलो आहोत.

या एका ओळीच्या सूत्राच्या भरवशावर माणसाचं हृदय सोपवलेलं असतं, हे मला २०२४ च्या पावसाळ्यात कळलं. त्यातूनच आमचा बी.ई.चा प्रोजेक्ट ठरला. प्रोजेक्टचा रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये डिपार्टमेंटला जमा आहे, तो कोणी उघडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून त्यात जे लिहिता आलं नाही ते इथे लिहितो.

माझ्या मावशीला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि मग डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. घरात सगळ्यांत रिकामा मीच, सेमिस्टर नुकतं संपलेलं. तेव्हा तिला रोज हॉस्पिटलात नेण्या-आणण्याची ड्युटी माझ्याकडे आली. मावशी त्याला 'लाईट घ्यायला जायचं' म्हणायची. पहिल्या दिवशी टेबलावर नीट झोपवता यावं म्हणून तिच्या छातीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदवले, तर बाहेर येऊन मला म्हणाली, "बघ रे बाळ्या, आईने लग्नात गोंदवलं नाही ते या वयात गोंदवून घेतलं."

डाव्या बाजूला रेडिएशन देताना अडचण अशी की बरगड्यांच्या मागे लगेच हृदय असतं. किरणांना काही कॅन्सरच्या पेशी आणि हृदय यांतला फरक कळत नाही. यावरचा उपाय ऐकायला अगदी घरगुती वाटतो. पेशंटने खोल श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. फुप्फुसं फुगतात, छाती वर उचलली जाते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून जरा दूर जातं. वीसेक सेकंद श्वास धरायचा, तेवढ्यात किरणं द्यायची, सोडायचा, परत घ्यायचा. मावशी यात पटाईत निघाली. "श्वास धरायला काय, दोन-दोन हंडे घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढलीय मी," हे तिचं टेक्निशियनला उत्तर.

पण श्वास ठरला तेवढाच घेतलाय की कमी, हे बघायचं कोणी? किरणं चालू असताना त्या खोलीत पेशंटशिवाय कोणीही थांबत नाही. ते काम छताला लावलेले कॅमेरे करतात. मावशीच्या वेळी छताला तीन डबे होते, दोन बाजूंना दोन आणि पायांकडे एक. प्रत्येक डब्यात दोन कॅमेरे आणि एक प्रोजेक्टर. प्रोजेक्टर अंगावर ठिपक्या-ठिपक्यांचा प्रकाश टाकतो, कारण नुसत्या कातडीवर दोन्ही चित्रांत जुळवता येतील अशा खुणा फारशा नसतात. त्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटर छातीचा पृष्ठभाग क्षणाक्षणाला मोजतो आणि प्लॅनिंगच्या दिवशी नोंदवलेल्या पृष्ठभागाशी ताडून बघतो. काही मिलिमीटरची एक खिडकी ठरलेली असते. छाती त्या खिडकीत असेल तरच किरणं चालू राहतात, बाहेर गेली की आपोआप बंद.

आता विचार करा. खिडकीच मुळात काही मिलिमीटरची. मोजणाराच दोन-तीन मिलिमीटर चुकत असेल तर?

आठव्या की नवव्या दिवशी आम्हाला बाहेर चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. रांगेत आमच्यासारखे बरेच, कोणी बार्शीहून आलेलं, कोणाची परतीची एस.टी. चुकणार होती. कुरकुर सुरू झाली. "मशीन नवीन आहे म्हणतात आणि रोज सकाळी काय तपासतात?" असं एका काकांनी जरा मोठ्यानेच विचारलं. तेव्हा आतून फिजिसिस्ट मॅडम बाहेर आल्या. (हॉस्पिटलात फिजिसिस्ट असतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. एम.एस्सी. फिजिक्स करून मुंबईच्या बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करता येतो आणि या क्षेत्रात जाता येतं. गेट आणि कॅटशिवायही जग आहे, एवढं सांगून पुढे जातो.) त्या शांतपणे म्हणाल्या, "एका कॅमेऱ्याचं माप बाकी दोघांशी जुळत नाहीये. दीड मिलिमीटरचा फरक येतोय. तो जुळल्याशिवाय मी कोणालाही टेबलावर घेणार नाही."

दीड मिलिमीटर! काका गप्प बसले, पण पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तेव्हा वाटलं, दीड मिलिमीटरसाठी एवढं?

दुपारी मावशीचं आटोपल्यावर मी धीर करून मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी छतातल्या एसीचं काम झालं होतं. "शिडी टेकली असेल, कोणाचा हात लागला असेल, सांगता येत नाही. कॅमेऱ्याला विचारून उपयोग नाही. आपण हललोय हे त्याला कळतच नाही, तो पूर्वीइतक्याच खात्रीने आकडे देत राहतो."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी हॉस्टेलला परत आलो. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की दोन चित्रांवरून शरीराच्या आतलं माप काढण्याची कल्पना कॅमेरे-कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे, आणि माप बरोबर ठेवण्याची काळजीही तितकीच जुनी.

रंटजेनने एक्स-रे शोधले १८९५ मध्ये. लंडनच्या जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन या डॉक्टरने १८९८ मध्ये शरीरात घुसलेली गोळी किंवा सुई नेमकी किती खोल आहे हे शोधायची रीत प्रसिद्ध केली. एक्स-रेची नळी एका जागी ठेवून एक फोटो, मग नळी ठरावीक अंतर आडवी सरकवून दुसरा. गोळीच्या दोन सावल्या दोन ठिकाणी पडतात. मग टेबलावर नळीच्या त्या दोन जागा पुन्हा मांडायच्या, प्रत्येक जागेपासून आपापल्या सावलीपर्यंत एक-एक धागा ताणायचा आणि दोन धागे जिथे एकमेकांना छेदतात तिथे गोळी! ना सूत्र, ना कॅलक्युलेटर. फक्त नळी किती सरकवली आणि प्लेटपासून किती उंच होती ही मापं बरोबर हवीत, आणि धागे ढिले नकोत. आम्ही रूमवर पतंगाचा मांजा आणि दोन स्टडी लॅम्प घेऊन हे करून पाहिलं. टांगलेल्या खोडरबराच्या दोन सावल्या, दोन मांजे, छेद बरोबर खोडरबरात. रूममेटला वाटलं सबमिशनचं टेन्शन डोक्यात गेलं.

दुसरे गृहस्थ स्वीडनमधल्या लुंडचे, गोरान सेल्विक. त्यांनी १९७४ मध्ये आपल्या प्रबंधात अशी पद्धत मांडली की कृत्रिम सांधा बसवल्यावर तो हाडात किती सरकतोय हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता यावं. ऑपरेशनच्या वेळीच हाडात टॅंटलम धातूचे मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक मणी ठेवायचे, आणि नंतर दोन एक्स-रे नळ्यांनी दोन दिशांनी एकाच वेळी फोटो काढायचे. पण मला सगळ्यांत आवडली ती त्यांची तिसरी गोष्ट. पेशंटबरोबर फोटोत एक पिंजराही ठेवायचा. त्या पिंजऱ्यातल्या मण्यांच्या जागा आधीच अगदी काटेकोर मोजलेल्या. म्हणजे नळी आज जरा इकडे असली, उद्या जरा तिकडे, तरी चालेल. प्रत्येक फोटो आपलं कॅलिब्रेशन स्वतःबरोबर घेऊन येतो. जुन्या कॅलिब्रेशनवर विश्वास ठेवायची वेळच येत नाही.

छतावरच्या कॅमेऱ्यांना ही चैन नाही. पेशंटच्या छातीवर पिंजरा ठेवला तर छाती कशी दिसणार? म्हणून मग सकाळची तपासणी.

असो. प्रोजेक्टचा विषय आम्ही दोघांनी (मी आणि माझा पार्टनर) असा दिला: स्टिरिओ कॅमेऱ्याने श्वासाबरोबर होणारी छातीची हालचाल मोजणे आणि ते माप टिकवणे. गाईड सरांनी पहिल्याच मीटिंगमध्ये बजावलं, "पेशंटच्या जवळ न्यायचं नाही. आपसात मोजा." त्यामुळे आमचे पेशंट म्हणजे हॉस्टेलच्या बी विंगमधली मुलं. एक वडापाव दिला की कोणीही टेबलावर झोपून अर्धा तास श्वास घेऊन दाखवतं.

आमची मांडणी साधी होती. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर १२० मिलिमीटर अंतराने दोन कॅमेरे, फोकल लेंग्थ ८०० पिक्सेल. १ मीटरवरच्या वस्तूची डिस्पॅरिटी येते ९६ पिक्सेल. ती एका पिक्सेलने चुकली तर अंतर साधारण १० मिलिमीटरने चुकतं. वस्तू २ मीटरवर नेली तर तीच एका पिक्सेलची चूक ४१ मिलिमीटरहून जास्त होते, कारण चूक अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणजे १ मिलिमीटरच्या आत राहायचं असेल तर १ मीटरवर पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळवणी हवी. ती सॉफ्टवेअरने जमते. आजकाल चांगलीच जमते.

पण खरी भीती तिथे नव्हती. एक कॅमेरा ०.०१ अंशाने वळला, तर चित्र ०.१४ पिक्सेलने सरकतं आणि १ मीटरवर दीड मिलिमीटरची चूक होते. ०.०१ अंश म्हणजे किती? १०० मिलिमीटर लांबीच्या ब्रॅकेटचं एक टोक १७ मायक्रॉनने उचललं जाणं. आपला केस ७० मायक्रॉन जाडीचा धरला तर त्याचा पाव हिस्सा. हे गणित ज्या रात्री केलं त्या रात्री मला हॉस्पिटलातलं ते दीड मिलिमीटर आठवलं. त्यांच्या कॅमेऱ्यांची भूमिती वेगळी, आकडे वेगळे असणार. पण शिडी टेकली म्हणजे काय होऊ शकतं याचा अंदाज आला.

आता उष्णतेचं. सगळ्यांना वाटतं पट्टी तापली की लांब होते आणि माप बिघडतं. आम्हीही गणित मांडून पाहिलं. १० अंश सेल्सिअसने तापली तर १२० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ०.०२८ मिलिमीटरने वाढते, आणि त्यामुळे १ मीटरच्या मापात जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे काहीच नाही. पण पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी तापत नाही ना! मागच्या बाजूला कॅमेऱ्याचं सर्किट तापतं, पुढच्या बाजूला पंख्याचा वारा लागतो. १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीच्या दोन बाजूंत नुसता १ अंशाचा फरक असला तरी ती धनुष्यासारखी वाकते, दोन कॅमेऱ्यांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून ०.०१६ अंशाने वळतात आणि माप सव्वादोन मिलिमीटरने सरकतं. दहा अंशांनी लांबणं परवडलं, एका अंशाचं वाकणं नाही परवडत. आम्ही एक सपाट प्लेट समोर ठेवून, काहीही न हलवता, कॅमेरे थंड असल्यापासून आकडे नोंदवले. पहिला अर्धा तास आकडा सरकत राहिला आणि मग स्थिरावला. पंखा चालू केला की परत सरकला. तेव्हा पट्टीला थर्मोकोलचं जाकीट घातलं आणि नियम केला: कॅमेरे चालू करून ४० मिनिटं झाल्याशिवाय कोणी माप घ्यायचं नाही. हॉस्पिटलात बऱ्याच ठिकाणी हे कॅमेरे रात्रीसुद्धा बंद का करत नाहीत ते मग समजलं.

आणखी एक. छाती हलती असते, त्यामुळे दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो काढला पाहिजे. सेकंदाला ५ मिलिमीटर आडवी सरकणारी खूण आणि दोन फोटोंत ३० मिलिसेकंदांचं अंतर, एवढ्यानेच सव्वा मिलिमीटरची खोटी खोली दिसते. दुकानातले साधे वेबकॅम इथेच बाद होतात. आमचं निम्मं बजेट एकाच सिग्नलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांवर गेलं.

कॅलिब्रेशन आम्ही सगळे करतात तसंच केलं. बुद्धिबळाच्या पटासारखा बोर्ड वेगवेगळ्या कोनांत धरून फोटो काढायचे. झेंगयू झांग यांचा या पद्धतीवरचा पेपर २००० साली आला आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये हा पट पोचला. सॉफ्टवेअर शेवटी एक आकडा देतं, रिप्रोजेक्शन एरर. तो ०.२ पिक्सेल आला की पोरं खूश. पण हा आकडा फसवा आहे. झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' करून २५ मिलिमीटरचा चौकोन साडेचोवीसचा छापून देऊ शकतो. तुम्ही सॉफ्टवेअरला २५ सांगितलंत तर रिप्रोजेक्शन एरर तितकाच गोड येतो, एका दशांशाचाही फरक नाही, आणि तुमचा प्रत्येक मीटर २ सेंटिमीटरने लांब मोजला जातो! फोटोंना मिलिमीटर म्हणजे काय हे माहीतच नसतं, ते बाहेरून आणावं लागतं. म्हणून आमचा बोर्ड आधी काचेवर चिकटवला (पुठ्ठा पावसाळ्यात पापडासारखा वळतो) आणि मग व्हर्नियरने चौकोन न् चौकोन मोजला.

याच जातीचा एक धडा ऑपरेशन थिएटरमधल्या नेव्हिगेशनचा आहे. तिथेही स्टिरिओ कॅमेरा असतो, सर्जनच्या हत्यारावर लावलेल्या चमकत्या गोळ्या बघणारा. पेशंटचा सी.टी. स्कॅन आणि प्रत्यक्ष पेशंट यांची जुळणी खुणांवरून करतात आणि स्क्रीनवर चूक दाखवतात. ती चूक कमी दिसली की सगळ्यांना हायसं वाटतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये गणिताने दाखवून दिलं की खुणांवरची ती चूक आणि प्रत्यक्ष ऑपरेशनच्या जागेवरची चूक यांचा एकमेकींशी संबंध लागत नाही. खुणा छान जुळल्यात म्हणून गाठीवरही छान जुळलंय असं म्हणता येत नाही. गोळीवर रक्ताचा एक थेंब उडाला तरी कॅमेऱ्याला तिचा मध्य बाजूला सरकलेला दिसतो, हे आणखी वेगळंच.

आता मेट्रॉलॉजी लॅबचे काका. आम्ही ई अँड टी.सी.वाले, मेकॅनिकलच्या बिल्डिंगमध्ये आमचं काय काम? पण अचूक माप कॉलेजमध्ये दुसरीकडे कुठे मिळणार? स्लिप गेज मागायला गेलो तर काकांनी लाकडी पेटी उघडून दाखवली आणि परत बंद केली. "गेज लॅबच्या बाहेर जाणार नाही. तुमचं खेळणं इथे घेऊन या." तेव्हा आम्ही आमचं खेळणं तीन मजले चढवून त्यांच्याकडे नेलं. तिथे एसी चालू असतो, २० अंशाला. (लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आहे. काका त्या एसीसाठी दोन एच.ओ.डीं.शी भांडले आहेत.) सरफेस प्लेटवर ठिपक्यांचा कागद लावलेली सपाट प्लेट ठेवली, माप घेतलं, खाली २० मिलिमीटरचे गेज सरकवले, परत घेतलं. फरक २० आला, दोन दशांशांच्या आत. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

काकांनी ड्रॉवरमधून फिलर गेज काढला. ०.०२ मिलिमीटरची पाती घेऊन डाव्या कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटच्या एका टोकाखाली सरकवली आणि म्हणाले, "आता घे परत."

परत घेतलं. फरक? तोच. २० मिलिमीटर. बिघाड शोधूनही सापडेना. पण प्लेट कॅमेऱ्यापासून किती लांब आहे तो आकडा दीड मिलिमीटरहून जास्त सरकला होता. प्लेट तर जागची हलली नव्हती.

"व्हर्नियरचा झिरो एरर हाच की रे," काका म्हणाले. "फरक बरोबर, माप चूक. फर्स्ट इयरला शिकवलं होतं ना तुम्हाला?"

कागदावर गणित केलं तर तसंच निघालं. कॅमेरा वळल्याने १ मीटरवर दीड मिलिमीटरची चूक होते आणि २० मिलिमीटर अलीकडेही जवळजवळ तेवढीच, त्यामुळे वजाबाकीत ती उडून जाते, उरते ती मिलिमीटरच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी. म्हणजे या बिघडलेल्या कॅमेऱ्याने श्वासाचा आलेख काढला तर तो अगदी सुंदर येईल. छाती १२ मिलिमीटर वर आली, वीस सेकंद थांबली, खाली गेली. सगळं खरं. फक्त छाती जिथे आहे असं कॅमेरा सांगतोय तिथे ती नाही. आणि किरणं येतात ती ठरल्या बिंदूवर, कॅमेऱ्याच्या समजुतीवर नाही.

हॉस्पिटलातल्या सकाळच्या तपासणीचा अर्थ मला त्या दिवशी मेट्रॉलॉजी लॅबमध्ये लागला. मॅडमनी दाखवलेली ती ठिपक्यांची प्लेट टेबलावर भिंतीतल्या लेझरच्या रेषांवर बरोबर जुळवून ठेवतात आणि तिन्ही डबे तिला एकाच जागी बघतात का हे पाहतात. तेवढ्यावरही भागत नाही, कारण लेझरसुद्धा हलू शकतात. म्हणून अधूनमधून आत सिरॅमिकचे छोटे गोळे बसवलेला एक ठोकळा ठेवून त्याचा फोटो खुद्द किरणांनीच काढतात, गोळे किरणांना कुठे दिसतात आणि ठोकळा कॅमेऱ्यांना कुठे दिसतो हे ताडतात. कॅमेरे आपापसात जुळले हे पुरेसं नाही, ते किरणांशी जुळले पाहिजेत. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेने २०१२ मध्ये अशा यंत्रणांच्या तपासणीचा एक अहवाल काढला आणि २०२२ मध्ये खास या पृष्ठभाग बघणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी दुसरा. रोज तपासा, सर्वसाधारण उपचाराला २ मिलिमीटरच्या आत आणि डोक्यातल्या बारीक गाठींसारख्या नाजूक कामाला १ मिलिमीटरच्या आत, असा त्यांचा रोख आहे. थोडक्यात, बाहेर बसलेल्या काकांनी विचारलेला प्रश्न जगात इतरांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर 'हो, रोज' असं आहे.

मावशीचे पंधरा दिवस पूर्ण झाले. तिला मी दिवाळीत हे सगळं समजावून सांगितलं, फिलर गेजसकट. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या दिवशी त्या बाईने रांग थांबवली नसती तर कोणाला कळलं असतं का रे?" मी म्हटलं, नाही. "मग तिला जाऊन सांगितलंस का, बरं केलंत म्हणून?" ते राहिलं होतं. मावशीने करंज्यांचा डबा भरून फॉलो-अपच्या दिवशी स्वतःच नेऊन दिला.

ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "यात एआय का नाही वापरलं?" प्रश्न चुकीचा नाही. दोन चित्रांतले ठिपके जुळवायला आता फार चांगली मॉडेल्स आहेत. कॅमेरा बदलून नवा घ्यायचा तर तोही आपल्यापेक्षा शंभरपट चांगला मिळतो, काहींत धक्का बसला की नोंद करणारा सेन्सरही असतो. पण पाती सरकवल्यावरही ठिपके उत्तमच जुळत होते. जुळवणीत दोष नव्हता, कॅमेऱ्याच्या आपल्या स्वतःच्या जागेबद्दलच्या समजुतीत होता. आणि ती समजूत पक्की करायला बाहेरची, मोजलेली वस्तू लागते. एवढं बोललो आणि सर पुढच्या ग्रुपकडे गेले. मार्क बरे पडले.

शेवटी आम्ही सेल्विकसाहेबांचा पिंजरा आमच्या ऐपतीत बसवला. टेबलाच्या दोन कडांना, पेशंट झोपला तरी कॅमेऱ्याला दिसतील असे, मॅट पांढरे दोन गोळे. त्यांच्यातलं अंतर आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर काकांच्या देखरेखीखाली मोजून कोडमध्ये लिहिलेलं. प्रत्येक फ्रेममध्ये आधी गोळे मोजायचे, अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक आला तर लाल दिवा, आणि छातीचा आकडा स्क्रीनवर येणारच नाही. कॅमेरा वळला की स्टँड सरकला की कोणी टेबलाला धक्का दिला, हे त्याला सांगता येत नाही. काहीतरी हललंय एवढं सांगतो, ते आम्हाला पुरे होतं. डेमोच्या दिवशी गर्दीत कोणाचा तरी पाय स्टँडला लागला आणि लाल दिवा लागला. पाहुण्यांना वाटलं प्रोजेक्ट बंद पडला. आम्ही दोघंच हसत होतो.

यंदाच्या थर्ड इयरपैकी कोणाला हे पुढे न्यायचं असेल तर सामान डिपार्टमेंटच्या स्टोअरमध्ये डावीकडच्या कपाटात आहे. काचेचा बोर्ड उभा ठेवलाय, आडवा ठेवू नका. तीन कॅमेरे लावून बघायचं आमचं राहून गेलं, ते करा. हॉस्पिटलातलं रेडिएशनचं मशीन पेशंटभोवती फिरताना एखाद्या कॅमेऱ्याच्या आड येतं आणि त्या क्षणी माप किंचित उडी मारतं, ती उडी आपल्याकडे पुठ्ठा आडवा धरूनही बघता येईल. काळ्या-सावळ्या कातडीवरून प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे एक्स्पोजर माणसागणिक बदलावं लागतं. बी विंगमध्ये सगळ्या छटा मिळतील. स्लिप गेजसाठी काकांकडे दुपारी दोननंतर जा, आणि हात पुसून जा.